कालचा हिरा

लवजीकाका जिना चढून ऑफिसात आले तेव्हा ओधव दलाल जमिनीवर बसला होता. नाकातलं रक्त त्याच्या शर्टाच्या खिशापर्यंत उतरलं होतं. जसमतशेठचा पुतण्या निकुंज बाह्या सरसावून त्याच्या मागं उभा होता. टेबलावर गाठियाची बशी अर्धी रिकामी होती, म्हणजे मारता मारता कुणीतरी खातही होतं.

"या काका, बसा," जसमतशेठ म्हणाले, आणि त्यांच्यासाठी चहा सांगितला.

काल दुपारी याच खुर्चीत बसून काकांनी ओधवने विकायला आणलेला एक हिरा पाहिला होता आणि घाट उत्तम आहे, डोळे मिटून घ्या, असं सांगितलं होतं. तीस वर्षं घंटीवर, म्हणजे घासायच्या चाकावर बसून हिऱ्यांना पैलू पाडलेल्या माणसाचा शब्द. शेठनी स्वतः भिंग लावायची तसदीही घेतली नाही. भाव सांगितला, पुडीला सील लावलं, सीलवर सही ठोकली. ती पुडी ओधव हिऱ्याच्या मालकाकडे घेऊन गेला आणि आज सकाळी मालकाचा होकार घेऊन परत आला. सील जसंच्या तसं होतं. ते फोडून निकुंजने हिरा खिडकीशी नेला, जरासा कलता केला, तर आत पांढरं कडं, माशाच्या डोळ्यासारखं. खालची बाजू उथळ कापली की उजेड आत वळत नाही, खालून निसटून जातो, आणि हे कडं दिसतं. असला हिरा अंगठीत काचेचा वाटतो. काकांच्या नजरेतून असं कडं सुटणं शक्य नाही, तेव्हा हिरा ओधवनेच बदलला, असा शेठचा हिशोब. सील वाफेवर सोडवता येतं हे वराछ्याच्या हिरेबाजारात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"बघा आणि सांगा," शेठ म्हणाले. "कालचाच आहे का?"

काकांनी हिरा चिमट्यात धरला, खिडकीशी गेले, भिंग डोळ्याला लावलं. पैलू पाहून आजही त्यांचा जीव हरखला. एकेक टोक दुसऱ्या टोकाला अचूक भिडलेलं. कडेला सुईच्या अग्राएवढा एक जादा पैलू होता, वजन वाचवायला कारागिराने हळूच पाडलेला. ती लबाडी पाहून ते काल गालातल्या गालात हसले होते. हिरा तोच होता.

मग त्यांनी तो कलता केला, आणि कडं दिसलं. काल त्यांनी तो कलता केलाच नव्हता. घंटीवाल्यांची ही जुनी खोड: कारागिराचा हात सुरेख दिसला की माप बघायचं राहून जातं.

हात थरथरायला लागल्यापासून काकांची घंटी सुटली होती. आता जी काही इज्जत होती ती या डोळ्यांची. चूक माझी, एवढं म्हटलं की उद्यापासून कुठल्याही ऑफिसात त्यांना कुणी खुर्ची देणार नव्हतं.

"सांगा ना काका," ओधव सुजलेल्या ओठांनी म्हणाला. "तुम्ही ओळखाल. तोच आहे."

"नाही," लवजीकाका म्हणाले. "हा कालचा नाही."

निकुंजने ओधवला कॉलर धरून उठवलं, त्याचा उजवा हात टेबलाच्या लोखंडी ड्रॉवरमध्ये कोंबला आणि ड्रॉवरवर लाथ घातली. वाळकी शेंग मोडावी तसा आवाज झाला. ओधवचं तोंड उघडलं, पण ओरडणं मागाहून आलं. खाली रस्त्यावर स्कूटरींवर बसून हिऱ्यांच्या पुड्या उलगडणाऱ्या दलालांनी वर पाहिलं, आणि पुन्हा आपापल्या पुडीत डोकं घातलं.

"अरे थांब, थांब," काका म्हणाले. "तोच आहे. मी खोटं बोललो. काल माझीच नजर चुकली."

जसमतशेठनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, तुमचं काळीज पहिल्यापासून मऊ. रक्त दिसलं की तुम्ही विरघळणार. तुमची नजर चुकली असं तीस वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नाही."

काकांनी जादा पैलू दाखवला. नातवंडांच्या शपथा घेतल्या. ते जितक्या शपथा घेत गेले तितका शेठच्या डोळ्यांतला आदर वाढत गेला. एका दलालाचा हात वाचावा म्हणून हा म्हातारा आपलं नाव मातीत घालायला निघालाय, असं ते निकुंजला म्हणाले, आणि त्यांनी काकांना पाणी दिलं. काकांना स्वतःची शिसारी आली. निकुंजने ड्रॉवर ओढला, ओधवची चार बोटं पुन्हा आत सारली आणि पाय उचलला.

"बदलला," ओधव किंचाळला. "मीच बदलला. हात सोडा."

निकुंजने पाय खाली घेतला. जसमतशेठ ओधवसमोर उकिडवे बसले आणि आपल्या रुमालाने त्याचं नाक पुसलं.

"हे आधीच बोलला असतास तर एवढं झालं नसतं," ते मायेने म्हणाले. "मग आता सांग. खरा कुठंय?"

ओधवने लवजीकाकांकडे पाहिलं. हिरा अजून त्यांच्या चिमट्यातच होता, आणि निकुंजने पाय पुन्हा उचलला होता.