या पाण्याबद्दल

“ईश्वरभाऊ, तुमच्याकडं आलंय का हो पाणी?”

वरच्या मजल्यावरची प्रभावती दारात उभी होती. काखेत रिकामी कळशी. ईश्वरने दार जेमतेम वीतभर उघडलं होतं. आत मोरीत नळ चालू होता. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्याच्या बायकोने, उर्मिलाने धारेखाली फडकं धरलं.

“कुठलं हो! आमच्याकडंपण ठणठणाट,” ईश्वर म्हणाला.

“अख्ख्या जेसल पार्कात हीच रड. लेक बाळंतपणाला आलीय, दुपटीसुद्धा तशीच पडलीत.” चार पायऱ्या चढून ती वळली. “आलं तर हाक मारा हां.”

दार लागलं. जिन्यातल्या व्हॉल्व्हचं लोखंडी चाक ईश्वरच्या खिशात होतं. वरची लाइन बंद केली की खालच्या नळाला जोर यायचा. तीन दिवसांनी आज त्यांचं पिंप भरलं होतं, आता हंडे भरत होते. आठला पाणी जायचं. पावणेआठ वाजले होते.

“ताटं वाढ,” तो म्हणाला.

जेवणाआधीच्या प्रार्थनेची आज रसिकाची पाळी. आठ वर्षांची पोर, पण शब्द चोख, उर्मिलानेच शिकवलेले. ‘आमेन’ होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, घासाला हात लावायचा नाही, हेही तिनेच शिकवलेलं.

“हे प्रभू, या अन्नाबद्दल तुझे आभार. आणि या...”

रसिका थांबली. मोरीत हंडा भरत होता.

“मम्मी, पाण्याचे आभार मानू ना?”

“रोज मानतेस की.”

“पण पप्पांनी काकूंना सांगितलं, पाणी नाहीये. मग देवाला काय सांगू?”

“आमेन म्हण,” ईश्वरचा आवाज चढला. “भात निवतोय.”

“अर्ध्यातच?”

“उर्मिला, तू संपव.”

उर्मिलाला प्रार्थना तोंडपाठ होती. एका दमाचं काम. पण फडकं धरलेला तिचा हात अजून ओला होता. तिने ओठ मिटून घेतले. वर कुणीतरी रिकामी बादली फरशीवरून ओढली. मग तान्हं बाळ रडू लागलं.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “अजून दहा मिनिटं आहेत.”

“पोरीसमोर मला शिकवतेस?”

तिने स्वतःचाच नियम मोडून एक डोळा किलकिला केला. रसिकाने डोळे गच्च मिटले होते, कपाळाला आठ्या पडेपर्यंत. ईश्वरचे डोळे उघडे होते. तो लेकीकडे बघत होता.

पाट सरकला. दार उघडलं. जिन्यात लोखंडावर लोखंड करकरलं.

मोरीतली धार करंगळीएवढी झाली, मग दोऱ्याएवढी. हंडा अर्धाच राहिला. वरून प्रभावतीचा आवाज आला, “आलं गं, आलं! बादली लाव!” पाठोपाठ जिन्यात हाक, “ईश्वरभाऊ, पाणी आलं हो! तुम्हीपण भरून घ्या!”

ईश्वर आत आला. तळहात गंजाने लाल झाले होते. न धुताच तो पाटावर बसला आणि त्याने डोळे मिटले.

रसिका थांबली होती, तिथूनच पुढे म्हणाली, “...आणि या पाण्याबद्दल.”