शुद्ध शाकाहारी मोदक

म्हातारा कुत्रा मोदक आठवडाभर अन्नाला तोंड लावत नव्हता. शेवटी गीतांजलीनं कामोठ्याच्या फ्लॅटवर डॉक्टरांना बोलावलं. प्राण्यांना घरीच, शांतपणे निरोप देणारे डॉक्टर.

"जाण्याआधी त्याच्या आवडीचं काहीतरी भरवा," इंजेक्शन भरत ते म्हणाले.

"जन्मापासून शुद्ध शाकाहारी हो आमचा मोदक! लसूणसुद्धा चालत नाही त्याला." डोळे पुसत तिनं साजूक तुपातला शिरा पुढे केला. मोदकनं तोंड फिरवलं.

तेवढ्यात बाहेर लिफ्टचं दार वाजलं. मोदक ताडकन उठला आणि सेफ्टी डोअरवर पंजे मारायला लागला. समोरच्या हिराकाकू मोरा बंदराच्या माहेराहून परतल्या होत्या. हातातली पिशवी खाली ठेवत त्यांनी जाळीतून विचारलं,


"आठ दिस मी नव्हते, तर कोनी मच्छी नाय घातली का रे तुला?"