नखांचं पाकीट

"हात पुढे कर," म्हाताऱ्या तोकुनागाने कात्री उघडली. "अंधार पडायच्या आत उरकू. रात्री नखं कापली की आईबापाच्या अंतकाळी पोरगा जवळ नसतो."

"आणि दिवसा कापली की पोराच्या अंतकाळी आईबाप नसतात. एवढंच ना, काका?" इसोबे हसला. दोन्ही हात त्याने पाठीमागे नेले.

पाणबुड्या वाहून नेणाऱ्या जपानी मायजहाजाच्या मागच्या डेकवर, रुळांवर, ती चिमुकली पाणबुडी तयार उभी होती. आत दोनच माणसं मावायची. पुढे लेफ्टनंट उकाई, मागे इसोबे. उकाईने सकाळीच नखं आणि केसांची बट देऊन टाकली होती. परत न आलेल्याच्या घरी, देहाऐवजी पुरायला, तेवढंच जायचं. अशी पाकिटं तोकुनागाने बरीच पाठवली होती. परत आलेली पाणबुडी मात्र त्याने अजून एकही पाहिली नव्हती.

कप्तान येऊन उभा राहिला. "काय झालं?"

"नखं देत नाही म्हणतो, साहेब."

"घाबरलास, इसोबे?"

"नाही साहेब. शत्रूच्या बंदरात शिरू. टॉर्पेडोही सोडू. पण निम्मी बॅटरी परतीला राखणार. नखं इथे ठेवून गेलो, तर माझाच हात ती राखणार नाही. घरी मुलगी झालीय, साहेब. तिची नखं कापायला बायको घाबरते, पोर झोपली की दातांनी कुरतडते. मी आल्यावर कापीन म्हणून सांगितलंय."

"मग तुझ्या घरी रिकामं पाकीट जाईल."

"पाठवूच नका, साहेब."

कप्तान तोकुनागाकडे वळला. "हे गेले की चार्जिंगची केबल गुंडाळून खाली टाक. इथे तेलाची पिंपं ठेवायचीत."

पाणबुडीची बॅटरी समुद्रात भरता येत नसे. भरायची ती याच केबलने, याच डेकवर.

इसोबेने ते ऐकलं. पाणबुडीत उतरता उतरता त्याने झाकणातून डोकं बाहेर काढलं.

"काका, केबल राहू द्या बरं का. आल्या आल्या हिला भूक लागलेली असेल."

झाकण बसलं. पाणबुडी रुळांवरून घसरली, पाणी उसळलं आणि पुन्हा सपाट झालं.

थोड्या वेळाने दोन खलाशी पिंपं गडगडवत घेऊन आले. तोकुनागा केबलच्या वेटोळ्यावर मांडी घालून बसला होता.

"उठा काका. हुकूम आहे."

"माहीत आहे. मला मिळालाय तो."

"मग गुंडाळा की!"

"कप्तानाला सांगा, म्हातारा उठत नाही. गुंडाळायची तर त्याच्यासकट गुंडाळा."

तोकुनागाने केबलच्या पितळी टोकावरचं मीठ बाहीने पुसलं आणि ते टोक समुद्राकडे करून हातात धरलं.