तिसऱ्या दिवसाआधीचा कांदा

गच्चीवर वर्षभरासाठी गव्हाच्या रव्याचा कुसकुस वाळत घालता घालता दलिंदाने नाक वर केलं. "मब्रूकाकडून कांदा परतल्याचा वास येतोय गं!"

सोबतच्या तिघी शेजारणींचे हात थांबले. मब्रूकाच्या नवऱ्याचं दफन परवाच झालं होतं. मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटवायची नाही, जेवण शेजारणींनी पोचवायचं, ही कैरवान शहरातल्या त्या गल्लीची जुनी रीत.

"नवऱ्याची माती अजून ओली आहे," वसीला कडाडली. "गल्लीभरातून जेवण जात असेल, तरी हिच्या जिभेला चटक हवीच!"

"तशीच आहे ती," तिसरीने री ओढली. "स्वतःच्या लग्नात माहेर सोडतानासुद्धा रडली नव्हती."

"चला, चार शब्द सुनावूनच येऊ."

हातांचं पीठ झटकत चौघी खाली उतरल्या आणि त्यांनी मब्रूकाचं दार ठोठावलं. दार उघडलं. दारात चौघींना पाहून मब्रूकाला एकदम भरून आलं. ती मागे वळून पोरांना म्हणाली, "गॅस बंद करा रे! मी म्हटलं नव्हतं, आज तरी शेजारणी जेवण आणतील म्हणून?"


चौघींनी रिकामे हात पाठीमागे लपवले.