टिळा

नागपूरची समिती अकराला येणार होती. साडेदहाला केशोराव सर नारळ, अगरबत्ती, हळदकुंकू घेऊन कॉलेजच्या लॅबमध्ये आले आणि अल्काला म्हणाले, "पूजा होऊन जाऊ दे. तू थोडी बाहेर थांब."

"काऊन सर?"

"अशीच."

अशीच म्हणजे काय, हे अल्का मेश्रामला पहिलीपासून पाठ होतं. ती व्हरांड्यात जाऊन उभी राहिली.

आत टेबलावर होतं ते तिनं तीन वर्षं खपून उभं केलं होतं. गुळगुळीत थर दिलेली काचेची प्लेट, तिच्यावर पाण्याचा एक थेंब, थेंबाच्या पाठीवर मोहरीएवढा आरसा. विजेचं बटण दाबलं की थेंब सरकायचा, आरसा कलायचा आणि त्यावरून उडालेला लेझरचा लाल ठिपका समोरच्या भिंतीवर चालू लागायचा. समितीनं मान डोलावली तर प्रकल्पाला आणखी दोन वर्षं मिळणार होती, अल्काला पीएचडी. नाही तर मुर्रीला घरी.

समिती आली. तिला आत बोलावलं. तिनं बटण दाबलं. थेंब जागचा हलला नाही.

अल्का वाकली. प्लेटवर बोटानं ओढलेला कुंकवाचा टिळा होता. थेंब गुलाबी झाला होता. बाजूला नारळाच्या पाण्याचे शिंतोडे. या प्लेटला ती स्वतःचा श्वास लागू देत नव्हती.

"कोणी हाताळलं हे?" समितीतल्या बाईंनी विचारलं.

"हीच हाताळते," सर म्हणाले. "किती शिकवलं तरी स्वच्छता अंगातच असावी लागते, मॅडम."

"मी तं बाहेर होती सर. तुम्हीच थांबवलं." अल्काचा आवाज चढला नाही. "दुसरी प्लेट आहे. पाच मिनिटं द्या."

"राहू दे," सर म्हणाले. "जेवण थंडं होऊन राहिलं."

बाईंनी कागदावर एक ओळ लिहिली. खुर्च्या सरकल्या. जाता जाता सरांनी खोबऱ्याचा तुकडा एका चिटोऱ्यावर ठेवला आणि चिटोरा टेबलावरून तिच्याकडे लोटला. प्रसाद घेऊन घे म्हणाले.

लॅब रिकामी झाली. अल्कानं डब्यातून दुसरी प्लेट काढली, नवा थेंब सोडला, चिमट्यानं आरसा त्याच्या पाठीवर ठेवला. बटण दाबलं.

ठिपका निघाला. घड्याळावरून गेला, हार घातलेल्या सरस्वतीच्या फोटोवर चढला. अल्कानं तो बरोबर कपाळाच्या मधोमध नेला आणि तिथंच थांबवला.