काठावरचे ठोके

"नाना, मधली जागा परत भरली तुम्ही," सॅक्सोफोन तोंडावरून काढत प्रशील म्हणाला.

लोटननाना हातातल्या ड्रमच्या काड्यांकडे बघत राहिले. सकाळी धुळ्याच्या लग्नात चार तास वाजवून आलेले, मनगटं भरून आलेली, आणि आता भरदुपारी नरडाण्याला बँडच्या खोलीत ही नवी शाळा. प्रशील सात वर्षं परदेशी जहाजावर वाजवून आला आणि बँडचा मास्तर झाला. अमेरिकेची एक जुनी जॅझची धून त्याला क्युबाच्या ठेक्यावर बसवायची होती, रविवारी जळगावच्या कार्यक्रमासाठी. ट्रम्पेटवाल्यांना ते कधीच जमलं. घोडं अडलं होतं नानांपाशी, आणि काम म्हणाल तर सगळ्यांत सोपं. ड्रमच्या काठावर तीन ठोके, मग दोन. बस्स. मधे काही वाजवायचं नाही.

तेच मेलं जमत नव्हतं. चाळीस वर्षं वराती नाचवलेले हात ते! रिकामी जागा दिसली की आपसूक सुटायचे.

"रविवारी मनी जागा हितेंद्रना पॅडले देशी का?" आपली जागा जाणार का, ते नानांनी सरळच विचारलं.

कोपऱ्यात इलेक्ट्रॉनिक ड्रम-पॅडची वायर गुंडाळणारा हितेंद्र थांबला.

"मशीन चुकत नाही, नाना," प्रशील मान खाली घालून म्हणाला. मग त्याला काहीतरी सुचलं. "बरं, असं करा. वरातीत दुखवट्याचं घर आलं की आपण काय करतो?"

हा काय प्रश्न झाला? सगळी वाद्यं गप्प. पावलं चुकू नयेत म्हणून एकटे नाना काठावर मोजके ठोके देतात, घर मागे पडेपर्यंत. अशी शेकडो घरं त्यांनी ओलांडली होती.

"समजा, तसं घर समोर आहे. तसंच वाजवा."

नानांनी डोळे मिटले. घर शोधावं लागलं नाही. मागच्या उन्हाळ्यात त्यांची बायको शेवंताबाई गेली, आणि दुसऱ्याच दिवशी कुठल्याशा बँडची वरात त्यांच्या गल्लीतून निघाली. दारापुढे वाद्यं थांबली. नाना ओट्यावर बसून ते ठोके ऐकत होते. जन्मात पहिल्यांदा ते ऐकणाऱ्यांत होते. दोन ठोक्यांच्या मधे केवढी जागा असते ते त्या दिवशी कळलं. जीव नकोसा झाला होता.

सॅक्सोफोन सुरू झाला. तीन ठोके. दोन ठोके. मधल्या जागेला नानांनी हात लावला नाही. धून संपेपर्यंत एकदाही नाही.

हितेंद्रनं टाळी वाजवली.

"जमलं!" प्रशील ओरडला. "तुमची जागा पक्की, नाना. आता रविवारपर्यंत रोज दहा वेळा घेऊ. चला, परत एकदा."

नानांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि काड्या उचलल्या.

"रोज माले त्याच घरना पुढे लई जाशी का रे, भाऊ?"