राहू दे

"नाही, अजून शाळेतल्या बाई वाटताय," डिझायनर काचेपलीकडून म्हणाला. "पुन्हा एकदा."

"राहू दे," आवाजवाली माइकसमोर चौदाव्यांदा म्हणाली.

या दोन शब्दांपायी अख्खी सकाळ गेली होती. शब्द डिझायनरनेच शोधलेले, आणि त्याला त्यांचा भारी अभिमान. मशीनवरच्या पोकरमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या जुगारात, पडद्यावर पाच पानं येतात. हवी ती ठेवायची, बाकीची बदलून घ्यायची. ठेवायच्या पानाखाली एक बटण असतं. इतरांच्या मशीनवर तिथे 'होल्ड' असतं, याने लिहिलं 'राहू दे'. "म्हणजे ठेव की सोड?" असं ऑफिसात कुणीतरी खवचटपणे विचारलंही होतं. "ज्याने त्याने आपल्याला हवं ते ऐकावं," असं म्हणून तो हसला होता.

बाकी मशीन तयार होतं. खुर्ची अशी, की कंबर दुखू नये. बटणं अशी, की मनगट टेकवूनच दाबता यावीत. पडद्यावर घड्याळ नाही. हरल्यावरसुद्धा एक छोटीशी गोड धून. फक्त आवाज जमत नव्हता. बटण दाबलं की मशीनने बोलायचं होतं, आणि साहेबांनी बजावलं होतं, "माणसाला वाटलं पाहिजे, घरचंच कुणीतरी शेजारी बसलंय. मग तो उठतोय कशाला?" आवाजवाली कामात पक्की होती. शहरातल्या निम्म्या लिफ्ट तिच्या आवाजात 'दरवाजा बंद होत आहे' म्हणायच्या. पण 'राहू दे'सुद्धा ती दरवाजा बंद केल्यासारखंच म्हणत होती.

तेवढ्यात तिचा फोन थरथरला. तिने हाताने 'एक मिनिट' अशी खूण केली आणि पाठ वळवली. माइक चालूच होता.

"कुठे आहेस? पुन्हा तिथेच? म्हणजे कामावर गेलाच नाहीस?" ती बराच वेळ पलीकडचं ऐकत राहिली. आता चिडणार असं वाटलं, पण ती चिडली नाही. "राहू दे रे," ती म्हणाली. "ऊठ आता. घरी ये."

डिझायनर काचेजवळ सरकला. एवढ्याशा बोलण्यात थकवा होता, माया होती आणि झालं गेलं सगळं पोटात घातलेलं होतं. पैसे देऊन असा आवाज काढून घेता आला नसता.

फोन ठेवल्यावर ती ओशाळली. "माफ करा हं. माझा नवरा. त्या जुगाराच्या मशीनच्या नादाने दोन नोकऱ्या घालवल्या, ही तिसरी. सासऱ्यांनी सांगून पाहिलं, डॉक्टरांनी सांगून पाहिलं. ढिम्म! माझा आवाज ऐकला की मात्र उठतो. अजून तरी उठतो. तेवढंच काय ते माझ्या हातात उरलंय." तिने डोळे पुसले आणि हेडफोन पुन्हा चढवला. "तुमचा कसला खेळ आहे हो हा?"

"पत्त्यांचा," तो म्हणाला. "घरगुती."

हे सांगताना त्याला लाज वाटली. खरंच वाटली. पण तिने पुढे काही विचारलं नाही, आणि त्याने सांगितलं नाही.

"घ्यायचं का पुन्हा?"

"नको. मिळालं मला हवं ते."

लवकर सुटका झाली म्हणून ती खूश झाली. नवरा घरी पोचायच्या आत पोचता येईल, म्हणाली. करारावर सही तिने आल्या आल्याच केली होती. ती गेल्यावर त्याने रेकॉर्डिंग उघडलं आणि पुढचं-मागचं छाटून टाकलं. 'रे'ला 'ऊठ' अगदी चिकटून आला होता. तो वेगळा करायला अर्धा तास लागला.

दोन महिन्यांनी, एका दुपारी, तो नव्या हॉलमध्ये पाहणीला गेला. चाळीस मशीन्स ओळीने मांडलेली. माणसं किती वेळ बसतात हे पाहणं त्याचं काम. पाचव्या खुर्चीवरचा माणूस, दाढी वाढलेला, सकाळी हॉल उघडल्यापासून हललेला नाही, असं तिथल्या देखरेखवाल्याने कौतुकाने सांगितलं. डिझायनरने ते वहीत टिपलं. मान वर केली, तर दारात आवाजवाली उभी.

तो खांबाआड झाला. तिने त्याला पाहिलं नाही. ती नवऱ्याला शोधायला आली होती, आणि दोन पावलांतच थबकली होती. डावीकडून तिचाच आवाज आला, "राहू दे रे." मग उजवीकडून. मग मागून, एकदम तीन ठिकाणांहून. तिने पदर तोंडाशी धरला. क्षणभर वाटलं, आली तशी परत जाईल. पण ती चालत राहिली, पाचव्या खुर्चीपर्यंत आली आणि त्या माणसाच्या मागे उभी राहिली.

खांबाआडून डिझायनर मनात म्हणाला, ऊठ बाबा. त्याने स्वतः केलेल्या खुर्चीवरून कुणीतरी उठावं, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

"राहू दे रे," ती म्हणाली. त्या दिवशी फोनवर म्हणाली होती अगदी तसंच.

नवऱ्याने मागे वळून पाहिलं नाही. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, पडद्यावरची पाचही पानं निरखली आणि मशीनवर एक थाप मारली.

"बिघडलं वाटतं," तो पुटपुटला. "बटण न दाबताच बोलतंय."